ढब्बूमिरचीच्या घरी

ढब्बूमिरची गेली, हे ललिताला 'चहाटळ'वरच कळलं. 'चहाटळ' म्हणजे मराठी मंडळींची गप्पा हाणायची वेबसाइट, आणि ढब्बूमिरची तिथली सगळ्यांत लाडकी आयडी. पाच वर्षं दोघींनी तिथे रोज टवाळक्या केल्या, पण एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. खरं नाव इंदिरा, घर नाशिकला, हेसुद्धा सून तेजश्रीने तिथे टाकलेल्या चार ओळींतूनच समजलं.

आठव्या दिवशी ललिता नांदगावहून एसटीने आली. फाटकाशी एक मिशाळ गृहस्थ घुटमळत होते.

"चहाटळवरची लवंगी का?" त्यांनी दबकत विचारलं.

"अगंबाई, द्राक्षासव!"

ते दिंडोरीचे बागाईतदार देवराम. दोघांना तिथेच हसू फुटलं. तोंडाला पदर लावून ललिता आत शिरली.

आत हार घातलेला फोटो होता. शेजारच्या मंगलाबाई उसासे टाकत बसल्या होत्या. इंदिराबाईंचा मुलगा मनोज गंभीरपणे म्हणाला, "बसा." मग स्वयंपाकघराकडे वळून ओरडला, "चहा झाला का?"

ललिताने देवरामांकडे पाहिलं. ढब्बूमिरची आपल्या मुलाला 'कुकर' म्हणायची. तीन शिट्ट्या झाल्या की आपोआप गार होतो, असं तिने शंभरदा लिहिलं होतं.

"अगं, चहा!"

"दोन," देवराम पुटपुटले.

"चहा आणतेस की नाही?"

"झाली तिसरी, गॅस बंद करा!" ललिताच्या तोंडून निसटलंच.

मंगलाबाईंचा उसासा अर्ध्यावरच थांबला. ललिताला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात आतून कपबशा खळखळल्या आणि तेजश्री खो खो हसत बाहेर आली. तिला धड उभंही राहवेना. "आठ दिवस दाबून ठेवलंय हो मी! सगळं वाचलंय. अहो, तुम्ही कुकर, मी हायकमांड!"

"आणि मी?" मंगलाबाईंनी जरबेने विचारलं.

"आकाशवाणी," देवराम अदबीने म्हणाले.

मंगलाबाईंनी डोळे वटारले. मग त्यांचंच पोट हलायला लागलं.

मनोज मात्र उठून कॉम्प्युटरपाशी गेला. "दाखव," तो बायकोला म्हणाला. तो वाचत गेला, खांदे गदगदत गेले. शेवटच्या महिन्यातल्या एका ओळीवर तो थांबला : 'कुकर हल्ली वाजतच नाही. माझे रिपोर्ट घेऊन नुसता बसतो. घर कसं सुनं सुनं वाटतं.'

त्याने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि घसा ताणून ओरडला, "चहा!"

मग जे हसू उसळलं, ते कुणाला आवरेना. ललिताला उचकी लागली. देवरामांच्या बशीतला चहा मिशांत गेला.

निघताना तेजश्रीने ललिताचा हात धरला. "बाराव्याला या हं. चहाटळवरच्या सगळ्यांना घेऊन या. सासूबाईंना पुरणपोळी आवडायची ना?"

"छे! तिला तर मिसळ," ललिता म्हणाली. "पुरणपोळी तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून खायची."