डाव्या बाजूचा खिसा

मित्रांनो, मी एक जुना, पिवळा पडलेला कागद आहे. माझ्यावर एका झग्याचं चित्र आहे. गळ्याला पट्टी, कमरेला चुण्या आणि एकच मोठा खिसा. माझा क्रमांक दोनशे बारा. वयाने मी तुमच्या आजीच्या बरोबरीचा असेन.

बायकांचे कपडे शिवणाऱ्या एका कंपनीत माझा जन्म झाला. तिथे वरच्या मजल्यावर, खिडकीशी बसून एक बाई चित्रं काढत. त्या डावखुऱ्या होत्या. हात ओल्या रंगावरून सरकायचा, म्हणून त्यांच्या करंगळीची कड कायम निळी असे. चित्र झालं की त्या झग्याच्या कापडाचा तुकडा कागदाला टाचणीने लावायचा आणि कागद कटिंग मास्तरांकडे धाडायचा, ही तिथली रीत.

मास्तर मनाने सोन्यासारखे, पण त्यांची जीभ कात्रीहून धारदार. बाई खिसा नेहमी डाव्या बाजूला काढत, कारण त्यांचा स्वतःचा हात तिकडेच जाई. मास्तरांनी माझ्या कडेला लाल पेन्सिलीने लिहिलं, "बाई, खिसा पुन्हा डावीकडे! सगळं जग तुमच्यासारखं डावखुरं नाही."

"मास्तर, हात डावा आहे, डोकं नाही!" मला परत घेताना बाई हसत म्हणाल्या. पण मालकांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी कापडाचा तुकडा काढून नेमका त्या ओळींवर टाचला.

खिसा उजवीकडे घेऊन झगा शिवला गेला आणि हातोहात खपला. कौतुक मालकांचं झालं, कारण माझ्यावर शिक्का त्यांचा होता. पुढे कंपनी बंद पडली. मी पेटीत गेलो. दमट हवेने टाचणी गंजली आणि तिचा तांबूस डाग माझ्या अंगात उतरत गेला. कितीतरी वर्षं झाकण उघडलं नाही.

शेवटी पेटी एका संग्रहालयात आली. तिथे जुने कागद सांभाळणाऱ्या एक ताई आहेत. प्रदर्शनासाठी त्यांनी मला निवडलं. खाली लावायच्या पाटीवर मालकांचं नाव घातलं होतं आणि ती दुसऱ्या दिवशी छापायला जायची होती. त्याच दुपारी बाईंची भाची आली. तिचेही केस पांढरे झालेले.

"ही चित्रं माझ्या मावशीची आहेत," ती म्हणाली. "मावशी आता नाही. निदान पाटीवर तरी तिला असू द्या."

"काकू, तुमच्यावर माझा विश्वास आहे," ताई म्हणाल्या, "पण पाटीला पुरावा लागतो."

"पुरावा कुठून आणू? ती डावखुरी होती, एवढंच सांगता येईल."

ताई थबकल्या. त्यांनी भिंग धरलं. माझ्यावरच्या छायेच्या रेघा उलट्या तिरक्या होत्या, डाव्या हाताने ओढल्यासारख्या. "शंका येण्याइतकं आहे," त्या पुटपुटल्या, "खात्रीइतकं नाही."

मग गंज आणखी पसरू नये म्हणून त्यांनी टाचणी काढायला घेतली. दोन बाजूंना पातळ पट्ट्या सरकवल्या, श्वास रोखला आणि केसाएवढी केसाएवढी ती सैल केली. कापड उचललं. खाली उजेड कधी पोचलाच नव्हता. लाल अक्षरं कालच लिहिल्यासारखी ताजी होती.

भाचीने ती मोठ्याने वाचली आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "मावशीने लपवून ठेवलं होतं हो!"

मित्रांनो, मास्तर रागावले म्हणून मला माझी माणसं परत मिळाली. प्रत्येक कागदाचं नशीब असं नसतं. म्हणून जपायच्या कागदाला टाचणी लावू नका, त्याला ओलीपासून दूर ठेवा आणि ज्याने तो घडवला त्याचं नाव मागे मऊ पेन्सिलीने लिहा.

आता मी काचेमागे आहे. खाली बाईंचं पूर्ण नाव आहे, आडनावासकट. परवा एक छोटी मुलगी नाक काचेला चिकटवून म्हणाली, "आई, खिसा चुकीच्या बाजूला आहे."

शेजारी भाची उभी होती. "चुकीच्या नाही गं," ती म्हणाली, "माझ्या मावशीच्या बाजूला आहे."