कागद क्रमांक नऊ

“घाबरली, दुसरं काय!” डॅना म्हणाली. “सही करताना शूर, आणि पेपरात नाव छापून आलं की पळ काढला.”

तिच्या टेबलावरचे शिक्षक हसले. ट्रेंटने फळ्यावर लिहिलं: माघार. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांचं हे उन्हाळी प्रशिक्षण, आणि तो राज्याच्या राजधानीहून आलेला प्रशिक्षक. प्रत्येक टेबलावर जुन्या कागदांच्या नकलांची एक पेटी होती. त्यातला कागद क्रमांक नऊ म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या याच गावचा, १९५५ सालचा अर्ज: आमच्या काळ्या मुलांनाही गोऱ्यांच्या शाळेत घ्या. खाली एकोणतीस पालकांच्या सह्या, त्यातली एक खोडलेली. तरी नाव वाचता येत होतं. इझोरा टार्पली.

मागे झेरॉक्स मशीनपाशी मिस वर्डेल उभी होती. या पेट्या भरण्यात तिची एकोणीस वर्षं गेली. कुठली पेटी कुठल्या शाळेत आहे आणि कुणी कशावर कॉफी सांडून ठेवलीय, सगळं तिला तोंडपाठ. सगळे तिला मिस वर्डेलच म्हणत, पण लग्नानंतर ती टार्पलीची ग्रीअर झाली, त्यामुळे इझोरा ही तिची आई हे इथे कुणाला ठाऊक नव्हतं. दर उन्हाळ्यात कुणीतरी आईला भित्री म्हणायचं आणि वर्डेल मुकाट्याने मशीनमध्ये कागद भरत राहायची.

शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. यंदा ट्रेंटने काउंटीतल्या, म्हणजे अख्ख्या जिल्ह्यातल्या, सगळ्या शाळांसाठी उत्तरं छापून आणली होती. नऊ क्रमांकासमोर छापलं होतं: भीतीने माघार. म्हणजे आता आई दर वर्षी, प्रत्येक वर्गात, माघार घेत राहणार.

 पण तो कागद अर्धा होता, आणि अर्धा वर्डेलनेच केला होता. तिने कपाटातून मूळ अर्ज काढला आणि मशीनवर पालथा ठेवला.

“मिस वर्डेल, आता कसल्या कॉप्या? जेवायची वेळ झालीय,” ट्रेंट म्हणाला.

“दोन मिनिटं थांब, बाळा. नऊ नंबर चुकलाय.”

“तुमच्या पेटीत चूक? आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा!”

ती हसली नाही. गरम कागद तिने एकेकाच्या हातात दिले. आता सह्यांच्या उजवीकडे आणखी एक रकाना दिसत होता, मुलांच्या नावांचा. इझोराच्या ओळीत होतं: वर्डेल, वय ७. त्यावर रेघ नव्हती.

डॅनाने कागद वाचला, मग वर्डेलकडे पाहिलं. “हा रकाना आधी का नव्हता?”

“मीच झाकला. पहिली कॉपी काढताना वर पांढरी पट्टी ठेवली. या गावात वर्डेल नावाच्या बायका कितीशा? लगेच कळलं असतं, आई कुणाची ते. मला लाज वाटली.”

वर्डेलने हातातला शेवटचा कागद ट्रेंटला दिला.

“नावं छापून आली त्या आठवड्यात आईकडे इस्त्रीचे कपडे येणं बंद झालं. मग घरमालक आला. नाव काढ, नाहीतर घर खाली कर. मी तिचं बोट धरून शाळा मंडळाच्या कचेरीत गेले. कारकून म्हणाला, दोन्ही नावं खोड. आईने आपलं खोडलं आणि पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, पोरीचं राहिलं. आई म्हणाली, ‘माझं नाव माझं होतं, ते मी खोडलं. तिचं नाव तिचं आहे.’”

“मग?”

“मग काय! घर गेलंच. मामाच्या पडवीत राहिलो दोन वर्षं.”

“आणि तुम्ही त्या शाळेत...” डॅनाने विचारलं.

“ती शाळा आम्हाला उघडली तेव्हा मी बावीस वर्षांची होते.”

डॅना उठली. तिने फळ्यावरचा शब्द तळहातानेच पुसला.  ट्रेंटने छापील उत्तरं गोळा केली आणि सगळे जेवायला गेले.

वर्डेल मागे राहिली. अकरा पेट्या होत्या. एकेकीतला अर्धा कागद काढून ती पुरा ठेवू लागली.

आईला जाऊन चौदा वर्षं झाली. त्याआधी पाच वर्षं या पेट्या तिच्या डोळ्यांदेखत गावभर फिरत होत्या. “एवढं जपतेस, त्यात असतं तरी काय गं?” ती विचारायची.

“काही नाही,” वर्डेल सांगायची. “जुने कागद.”