विहिरीकडची वाट

धाकट्या भावाचं पत्र येऊन सगळा पावसाळा उलटला, तरी सुतेजोंनी उत्तर दिलं नव्हतं. बायको गेल्यापासून बऱ्याच गोष्टी ते तशाच पडू देत. चहा निवला तरी पीत. राहून गेला तरी चालत असे.

पत्राचा निकाल त्यांनी मनाशी लावून टाकला होता. पुर्वादी, हा धाकटा भाऊ, वहिनीच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणालाही आला नाही. म्हणजे वडिलांच्या आजारपणातलं भांडण तो विसरलेला नाही. 'दादा, ये एकदा घरी,' असं लिहिलं होतं खरं. पण त्यांच्या सोलो शहरात अंगणासमोरून जाणाऱ्या कुणालाही 'या की घरी' म्हणतात. जाणारा हसून पुढे जातो. खरंच आत शिरला, तर घरातल्यांचीच धांदल.

त्या दिवशी लारास आली. त्यांची जुनी विद्यार्थिनी. आता त्यांचाच तर्कशास्त्राचा विषय शिकवत होती.

"गुरुजी, वर्गासाठी एक उदाहरण द्या ना. पाहिलेलं एका बाजूला, धरून चाललेलं दुसऱ्या बाजूला."

त्यांनी कंटाळून पत्रच पुढे केलं. "हे घे. भाऊ रागावलाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तो आला नाही."

"हे झालं पाहिलेलं. 'कसं कळलं?' या प्रश्नानंच तुम्ही मला भर वर्गात रडवलं होतंत."

"तू कशानंही रडायचीस."

ती हसली. "बरं. आणि राग नसता, तर पत्रात काय दिसलं असतं?"

ती मोठ्यानं वाचू लागली, "'पुढच्या फाटकानं येऊ नकोस, बदक अंगावर येतं. गुडघ्यांमुळे मला उठून हाकलता येत नाही. विहिरीकडून ये.'" तिनं मान वर केली. "गुरुजी, तोंडदेखलं या म्हणणारा बदकाचं कशाला सांगेल?"

हे वाक्य त्यांनी वाचलं होतं. गुडघ्यांचंसुद्धा.

"बदकाचं सगळ्यांनाच सांगत असेल," ते म्हणाले.

"असेल. तपासायचं कसं?"

पत्र परत घेत ते म्हणाले, "जाऊन."

पुर्वादीला फोनवर ऐकू येत नसे. लारास गेल्यावर सुतेजोंनी कार्ड काढलं. 'शनिवारी येतो. विहिरीकडून.' पुढे काही सुचेना. आनंद, धाकधूक, काहीतरी वाटेल म्हणून ते जरा थांबले. काही वाटलं नाही. मग चपला घातल्या, चौकापर्यंत गेले आणि कार्ड पेटीत टाकलं.