कालवांना भोक पाडणारं पिल्लू

माई कालवं सोलायला बसल्या आणि थोड्याच वेळात त्यांचा आवाज चढला. निम्म्याअधिक शिंपल्यांत नुसता चिखल होता.

“आमच्या आधी कोणतरी जेवून गेलो हा,” त्या म्हणाल्या.

“आणि पानात कायएक ठेवूक नाय,” अप्पा पेपरामागून म्हणाले. “शिस्तीचो माणूस दिसता.”

त्यांच्या लेकीने, भार्गवीने, एक शिंपली उजेडात धरली. सुईने पाडावं तसं नेमकं, गोल भोक. ती मालवणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, त्यामुळे हे काम कोणाचं ते तिला लगेच कळलं. शिंपलीवर बसून, तिच्यावर आपला रस सोडून, दातांनी खरवडत आत शिरणाऱ्या शिकारी गोगलगाईचं. प्रश्न एवढाच होता, की कुठल्या?

पुढच्या मोठ्या ओहोटीला ती तारकर्लीच्या पुढे, खाडीच्या मुखाशी खडकांवर गेली. बराच वेळ काही सापडेना. मग एका कपारीत कालवाला चिकटलेला तांबूस शंख दिसला, करंगळीच्या नखाएवढा. तो हलकेच उचलला, तर खाली अर्धवट पाडलेलं भोक. आजूबाजूला आणखी बरेच निघाले.

घरी आल्यावर तिने भिंगाखाली एकेक शंख पुन्हापुन्हा पाहिला. या किनाऱ्यावरच्या नेहमीच्या शिकारी शंखाला काटे असतात. याच्या अंगावर नुसत्या बारीक रेघा, तोंड आतून जांभळं, ओठाच्या आत दाण्यांची रांग. असा शंख तिने कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता. इतकी वर्षं दुसऱ्यांनी ठेवलेली नावं पोरांकडून पाठ करून घेणाऱ्या भार्गवीला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

कॉलेजात तिचा सहकारी गंधार तो शंख बघून हसला. “ताई, हे पिल्लू आहे. मोठं झालं की काटे येतील. माणसाच्या पोराला तरी जन्मतः मिशा कुठे असतात?”

ती रागावली, कारण हीच भीती तिला स्वतःलाही होती.

तिने स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेची पेटी मांडली. तारकर्लीहून कॅन भरून समुद्राचं पाणी येऊ लागलं आणि माई पेटीत कालवं टाकू लागल्या. श्रावणात त्यांची कुरकुर वाढली. “आमी गवार खातांव आणि ह्येंका कालवां!” पण सकाळी उठल्यावर पहिली नजर पेटीकडेच. “आज कोणाक धरल्यान गो?” असं विचारून त्या चहा ठेवायच्या.

संध्याकाळी भार्गवी शंखाचं वर्णन लिहायची. जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या अप्पांना ती ते मराठीत सांगायची. अप्पांनी एकदा ते मोठ्याने म्हणून दाखवलं : “आकार बुटका, मधे फुगीर. खांदे उतरते. ओठ जाड, आतून दाणेदार. हालचाल मंद, पण पकड न सुटणारी. गो बाय, ह्यां वर्णन शंखाचां काय तुझ्या आवशीचां?”

“माका ऐकाक येता हां,” आतून माई म्हणाल्या.

“बघ, पकड सुटाक नाय.”

वर्णनात भार्गवीने एके ठिकाणी ‘मोहक जांभळा’ असं लिहिलं होतं. तो ‘मोहक’ अप्पांनी काढायला लावला. “तुझो जीव जडलो हा, तां लोकांका कित्या सांगतस?”

पावसाळा सरला. शंख होते त्याच आकाराचे राहिले, काटेही आले नाहीत. गंधार म्हणाला, “पुरेसं खायला मिळत नसेल.”

भार्गवीने हे घरी सांगायला नको होतं. माई हातातलं टाकून उभ्या राहिल्या. “माझ्या घरात खाऊक गावणा नाय? त्याका सांग, रविवारी जेवाक ये म्हणान.”

गंधार आला. माईंनी त्याच्या ताटातला भात कमी होऊ दिला नाही. सुरमईची चौथी तुकडी वाढताना त्या भार्गवीला म्हणाल्या, “त्या पेटयेच्या काचेक काय ता पिवळां चिकाटलां हा. सकाळी घासूक घेतलंय, पण मगे तू आराडशीत म्हणान ठेवलंय.”

भार्गवी पेटीपाशी गेली आणि तिथेच खाली बसली. काचेवर तांदळाच्या दाण्याहून लहान पिवळसर पिशव्या दाटीने उभ्या होत्या, आणि शेवटच्या पिशवीला चिकटून एक शंख अजून बसला होता.

“गंधार, इकडे ये.”

तो आमटीचा हात तसाच धरून आला. वाकून पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

“अंडी आहेत,” तो म्हणाला.

“तू पोर म्हणी होतंस मां?” माई मागून म्हणाल्या. “बघ, पोराक पोरां झाली.”

गंधार इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, “ताई, हरलो. पण तेवढ्याने भागणार नाही. दात तपासायला हवेत.” आणि दिवाळीच्या सुट्टीत तो स्वतःच एक शंख घेऊन गोव्यातल्या प्रयोगशाळेत जाऊन बसला. दातांची पट्टी नेहमीच्या शंखाहून अगदी वेगळी निघाली. त्याचे फोटोही त्यानेच काढून आणले.

आता या नव्या जातीला नाव ठेवायचं होतं. स्वतःचं ठेवायची रीत नाही, म्हणून भार्गवीने माईंचं सुचवलं. माईंनी साफ नकार दिला. “दुसऱ्याच्या घराक भोक पाडून भितरलां खाता, त्याका माझां नाव?”

तेव्हा भार्गवीने गुपचूप ठरवलं. शोधनिबंध परीक्षकांकडे जाऊन आला, दुरुस्त्या झाल्या आणि एके दिवशी छापून आला. तिने तो गंधारच्या टेबलावर ठेवला. त्याने नाव वाचलं आणि पुन्हा वाचलं.

“गंधारी?”

“लॅटिनचा नियम आहे. पुरुषाच्या नावाला शेवटी ‘ई’ लागते. दात तूच शोधलेस ना?”

“पण पोरं मला आता डोळ्यांवर पट्टी बांधलेली राणी म्हणतील!”

“म्हणतील बहुतेक,” भार्गवी म्हणाली.

गंधारने ते पान मोबाइलवर टिपून आईला पाठवलं आणि निबंध ड्रॉवरमध्ये जपून ठेवला.

“ताई, देवगडच्या खडकांवर पाहिलंयत का? तिथेही असेल.”

“शनिवारी मोठी ओहोटी आहे.”

“मग कॉलेजच्या नाक्यावर भेटू. पहाटे निघा, मी गाडी घेऊन येतो.”