सरावाचा वाचक

टेबलाच्या टोकाला ठेवलेल्या लॅपटॉपखाली दोन जाडजूड शब्दकोश सरकवून बाईंनी कॅमेरा समोरासमोरच्या दोन्ही खुर्च्यांवर रोखला.

"जरा डावीकडे. नुसता कान दिसतोय तुमचा."

अनुस्वार निमूट डावीकडे सरकले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांची हयात गेली होती आणि निवृत्त होईपर्यंत तिथले सगळे त्यांना अनुस्वारच म्हणत. आकारानं एवढेसे, आवाज नाकातल्या नाकात, आणि बसायचं ते कुणाच्या तरी डोक्यावर. घरी मात्र ते कुणाच्या अध्यात ना मध्यात.

बाई इथल्या लहानशा वाचनालयात ग्रंथपाल होत्या. ग्रंथपालांसाठीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमातलं हे त्यांचं शेवटचं काम. समोर एक वाचक बसवायचा, त्याला नेमकं काय हवंय ते बोलण्यातून काढून घ्यायचं आणि रेकॉर्डिंग पाठवून द्यायचं. वाचनालयातले खरे वाचक कॅमेऱ्याचं नाव काढताच पळाले, म्हणून घरचाच, नवरा, पकडला होता. हे काम पार पडलं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र आलं की दूरच्या शहरातलं मोठं वाचनालय. तिथली खोलीही बाईंनी बघून ठेवली होती. एकटीपुरती.

"तू खुशाल जा, माझं काय अडतंय इथे!" अनुस्वार पहिल्याच दिवशी म्हणाले होते, आणि ते इतक्या झटकन, की बाईंना पुढे काही बोलायला जागाच उरली नाही. तेव्हापासून अनुस्वारांच्या स्वतःच्या मनात मात्र एक वाक्य अडकून बसलं होतं. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक त्यांना लांबून दिसे. स्वतःचं वाक्य काही केल्या जुळत नव्हतं.

"मी मागू काय?"

"काहीही मागा. फक्त पहिल्या दमात सगळं सांगून टाकू नका. प्रश्न मला विचारायचेत."

"ते जमतं मला."

"ते तर जमतंच तुम्हाला," बाई म्हणाल्या. "आणि हे बघा, तू-तू करू नका. आत्ता तुम्ही वाचक आहात."

त्यांनी बटण दाबलं, पदर सारखा केला आणि अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाल्या,

"नमस्कार. बसा. काय मदत करू तुम्हाला?"

अनुस्वारांना हसू फुटत होतं, ते त्यांनी गिळलं. बाई थेट त्यांच्याकडे बघत होत्या, उत्तराची वाट पाहत. घरातले प्रश्न ओट्याकडे तोंड करून विचारले जात आणि त्यांची उत्तरं वर्तमानपत्राआडून दिली जात. असं समोरासमोर बसायची त्यांना सवयच राहिली नव्हती.

"स्वयंपाकाचं एखादं पुस्तक आहे का, मॅडम?"

"आहेत ना. कशा प्रकारचं हवंय?"

"सोपं. एका माणसाला पुरेल एवढंच."

बाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"आधी कधी स्वयंपाक केलाय?"

"चहा करतो. उतू जातो."

"मग आताच हे पुस्तक का हवंय, विचारलं तर चालेल?"

"आमच्या घरातलं माणूस नोकरीसाठी दुसरीकडे निघालंय. नोकरी चांगली आहे." अनुस्वार टेबलाच्या कडेवरून बोट फिरवू लागले. "बाई हुशार आहे, मॅडम. तुमचं चांगलं जमेल तिच्याशी."

"त्यांना काही बोललात का तुम्ही?"

"बोललो की. खुशाल जा म्हणालो."

"ते खरं होतं?"

अनुस्वारांचं बोट टेबलाच्या कडेवर थांबलं.

"शुद्धलेखनाच्या दृष्टीनं बरोबर होतं."

बाई हसल्या नाहीत. वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला, भिंतीतून पाणी खळखळत गेलं आणि थांबलं. पडद्याच्या कोपऱ्यातला लाल ठिपका तेवढा लुकलुकत होता.

"तसलं पुस्तक आमच्याकडे नाही," बाई म्हणाल्या. आवाज अजून मॅडमचाच होता, फक्त शेवटी जरा घसरला. "सगळ्या पुस्तकांत दोघांचं प्रमाण दिलेलं असतं. कमीत कमी दोघांचं."

"असं होय."

"हो. एकट्यासाठी कुणी लिहीतच नाही."

अनुस्वारांनी मान हलवली. गळ्याशी बंद असलेलं बटण उगाच पुन्हा चाचपलं.

"येऊ का मग?" ते म्हणाले.

रेकॉर्डिंग तपासणाऱ्याला यात काही वावगं दिसलं नसतं. वाचकाचं काम झालं, गृहस्थ रीतसर निरोप घेतोय. पण एवढं म्हणूनही अनुस्वार खुर्चीवरून उठले नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून, नाव पुकारलं जायची वाट बघत असल्यासारखे बसून राहिले.

बाईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप हातानं बाजूला सारला, इतका की कॅमेऱ्यात दोघांपैकी कुणीच उरलं नाही.

"या," त्या म्हणाल्या. आणि मग स्वतःच्या आवाजात, "या ना."