मैदानावरची हाक

संत्र्याची फोड सोलून पार्बताबाईंनी हात बाजूला केला, तर ती घ्यायला कोणी नव्हतं. बाकावर वामनरावांची टोपी होती. वामनराव नव्हते.

समोर मैदानावर सव्वीस जानेवारीची तालीम चालली होती. रोजच्यासारखे दोघं नवरा-बायको दुपारचे पाय मोकळे करायला निघाले होते. इर्विन चौकात बँड कानावर आला आणि वामनरावांची पावलं आपोआप इकडे वळली. थंडीतलं मऊ ऊन, लेझीम खेळणाऱ्या पोरींच्या पायांखालून उठलेली धूळ, सगळं कसं झोपेत पाहिल्यासारखं दिसत होतं. खांबावर झेंडा नव्हताच. कुणी तरी रिकामी दोरी ओढली आणि मैदानभरच्या लेकरांनी त्या रिकाम्या खांबाला कडक सलामी दिली.

नसलेलं दिसण्याची पार्बताबाईंना आता सवय झाली होती. वर्षभरापासून वामनराव उलटे चालले होते. आधी नातवंडं विसरली, मग सून. कधी कधी तर मुलगा शेखरही जन्माला आलेला नसायचा. बडनेऱ्याचा मळा केव्हाच विकला होता, पण शेवंती तोडायची राहिली म्हणून ते पहाटे उठून बसत.

दिवाळीत ते बाजारात चुकले, तेव्हा शेखर अकोल्याहून धावत आला होता. जाताना म्हणाला होता, "आई, आता एकदा जरी असं झालं, तं मी दोघायलेही अकोल्याले नेतो. मंग मी आयकनार नाही." अकोल्यात त्याचं घर चौथ्या मजल्यावर. तिथं वामनरावांना ओळखीची एकही वाट सापडणार नाही, हे पार्बताबाईंना पक्कं ठाऊक होतं. इथं निदान पाय तरी घर ओळखत होते.

टोपी उचलून त्या उठल्या.

"अजी! ओ अजी!"

चार म्हातारे एकदम वळले. त्यातला एक हसून म्हणाला, "बोला, मी हावो ना!" त्याच्या बायकोनं असं पाहिलं, की बिचाऱ्यानं मान खाली घातली.

मांडवात रागिणी नावाची तरुण शिक्षिका माइक घेऊन उभी होती.

"पोरी, आमचे हरपले वं."

"कोण, आजी?"

"शेखरचे बाबा."

रागिणीनं पुकारा केला. शेखरच्या बाबांनी मांडवाकडे यावं. दोनदा सांगितलं. कोणी आलं नाही. पार्बताबाई रांगांमधून नजर फिरवत राहिल्या. शेखर आज झालाच नसेल, तर त्याचे बाबा येतील कुठून?

"आजी, त्यांचं नाव सांगा ना."

पार्बताबाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलं ते उखाण्यातच, तेही बायांच्या घोळक्यात, तोंडातल्या तोंडात. रेशनच्या दुकानातसुद्धा त्या शेजारणीला सांगायला लावत.

"काहून लाजता, आजी? हरपले ना ते?" रागिणी जवळ वाकली.

तिच्या कानातच सांगायचं होतं, पण मध्ये माइक आला.

"वामनराव," पार्बताबाई म्हणाल्या.

बँड नेमका थांबला होता. चारी खांबांवरच्या भोंग्यांतून ते नाव मैदानावर पसरलं. आवाज आपला वाटतच नव्हता. कुणा तरण्या बाईचा वाटत होता. त्यांनी पदर खाली केला.

"वामनराव, या ना इकडं."

लेझीमच्या रांगेमागून वामनराव निघाले. केसांवरून हात फिरवत, भराभर, कित्येक दिवसांत चालले नव्हते तसे. मांडवापाशी येऊन थबकले. पार्बताबाई दिसल्या तसे थोडे ओशाळले.

"टोपी दे माही."

"कुठी गेले होते?"

"इथंच तं होतो." त्यांनी आवाज खाली आणला. "एका बाईनं आवाज देल्ला मले. तू नाही आयकला?"

"नाही."

"माहं नाव घेतलं तिनं. असं नाव कोनं घेतलं नाही माहं." टोपी नीट करता करता त्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं. "तुले राग तं नाही आला?"

"मले काहून येईन?"

रागिणीनं मोबाइल काढला. "आजी, शेखरदादांचा नंबर द्या. कळवून देते."

"नोको वं बाई. सापडले ना."

दोघं बाकाकडे परतले. लेझीम पुन्हा सुरू झाली.

"चला आता घरी."

"थांब जराशीक." वामनराव भोंग्याकडे तोंड करून बसले. "पुन्हा बोलावन ते बाई."

पार्बताबाई उभ्याच राहिल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "मी पानी पिऊन येतो. तुमी इथून हलू नोका."

"मी कुठी जातो? तिचं आयकल्याशिवाय?"

नळ डावीकडे होता. पार्बताबाई उजवीकडे, माइकच्या मांडवाकडे वळल्या.