डावा खांदा

मैदानाच्या पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर चेरुवटीर घराणं बसलं होतं, पूर्वेकडच्या पायऱ्यांवर बेळपाडंड. तंगम्माला दोन्हीकडे जागा होती. ती जन्मानं बेळपाडंड, लग्नानं चेरुवटीर. लग्न झालेल्या बाईनं माहेराकडून खेळायचं की सासराकडून, हे तिचं तिनं ठरवायचं असतं. तिला खेळणं सोडून वीस वर्षं झाली होती. वयाचं कारण ती सांगायची, पण कोडगूतल्या, म्हणजे कूर्गमधल्या, कुटुंबांच्या या हॉकीत ते कुणाला पटत नसे. साठीचे काका आणि आठवीतल्या पुतण्या एकाच संघातून धावतात. कुठे बसायचं याला मात्र काही नियम नव्हता. आज ती पश्चिमेला बसली.

सकाळीच कुट्टप्पाअण्णानं तिला मैदानाच्या फाटकाशी गाठलं होतं. तो तिचा चुलतभाऊ, बेळपाडंड संघाचा कप्तान.

"तंगम्मा, खळ्याचं काय ठरवलंस?"

"मॅच होऊ दे, मग सांगते."

"पोरं रोज विचारतात गं."

"अण्णा, मॅच होऊ दे म्हटलं ना."

खळं म्हणजे घरामागचं कॉफी वाळवायचं सिमेंटचं अंगण. रोज संध्याकाळी, हंगामात कॉफी एका कडेला सारून, तिचे वडील, बेळ्ळियप्पा, तिथे घराण्यातल्या मुलांना हॉकी शिकवायचे. जानेवारीत ते गेले. घर आता तिचं, खळंही तिचं. बाराव्या दिवशी संध्याकाळी ती म्हैसूरला परतायची तयारी करत होती, तेव्हा मागून स्टिकवर चेंडू आपटल्याचा आवाज आला होता. टक, टक, टक. मुलं नेहमीच्या वेळेला आली होती, जणू काही घडलंच नव्हतं. तिनं बाहेर जाऊन त्यांना घरी पाठवलं आणि मागच्या फाटकाला कुलूप घातलं. त्याला तीन महिने झाले. कुलूप कायमचं ठेवायचं हे तिनं मनाशी ठरवलं होतं; फक्त सांगायचं राहिलं होतं. आज बेळपाडंड हरले असते तर सांगणं सोपं गेलं असतं. हरलेल्या संघाच्या खळ्याचं कौतुक कोण करणार?

आणि ते हरत होते. पंधरा मिनिटांत दोन गोल खाल्ले होते.

"दोन-शून्य," मंदण्णा मावा म्हणाले. हे तिच्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ, सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले. "सूनबाई, माहेरासाठी रडू येत असेल तर रुमाल देऊ का?"

"माझ्याकडे आहे, मावा."

"आहे? म्हणजे तयारीनं आलीस."

मागच्या पायरीवर चिण्णप्पा होता. त्याचं घराणं स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी हरून बाहेर पडलं होतं, तेव्हापासून तो रोज येऊन दुसऱ्यांच्या मॅचवर बोलत बसे.

"थांबा, मावा. ती पोरगी अजून तापलेली नाही."

"कुठली?"

"ती काय, डाव्या बाजूची. पूवी. पंधरा वर्षांची आहे."

"आमच्या पेम्मय्याला बघ. बंगळूरला अकादमीत तीन वर्षं काढलीत."

"धावतो घोड्यासारखा, मान्य. पण चेंडू थांबवता येतो का त्याला? अकादमीवाले पोरांच्या मांड्या तयार करतात, मनगट कोण करणार? बेळ्ळियप्पा पहिले सहा महिने पोरांना मारायलाच द्यायचा नाही. नुसतं थांबवा. चेंडू मेला पाहिजे स्टिकवर, म्हणायचा. बघा तिच्याकडे. हुबेहूब तो म्हातारा."

तंगम्मानं पाहिलं. ती मघापासून दुसरं काही पाहतच नव्हती. पूवी चेंडू थांबवताना गुडघ्यात जरा जास्तच वाकायची, आणि थांबवल्यावर क्षणभर मान वर करून सगळं मैदान बघून घ्यायची. हे बघून घेणं अप्पांचं होतं. कॉफीच्या झुडपांमधून चालताना, जेवताना, देवघरातून बाहेर येतानासुद्धा ते असंच बघायचे. ते या मुलीच्या मानेत जाऊन बसलं होतं. तंगम्माच्या मानेत नव्हतं. तिनं आरशात कितीदा शोधलं होतं.

तिला त्यांनी बारा वर्षांची होईपर्यंत शिकवलं. मग ती म्हैसूरला वसतिगृहात गेली, आणि सुट्टीत आली की ते म्हणायचे, दमून आलीस, बस. पूवीला त्यांनी सात वर्षांच्या संध्याकाळी दिल्या. तंगम्माला रविवारचा फोन मिळाला, आणि गेल्या दोन वर्षांत त्या फोनवरही पूवीच असायची. पूवीनं आज हे केलं. पूवीला ते जमत नाही. पूवीचा एक दोष आहे बघ, उजवीकडे वळायच्या आधी ती डावा खांदा पाडते. कुणाला सांगू नकोस, ज्याला कळेल तो तिला अडवेल. शेवटी डिसेंबरात तंगम्मानं फोन उचलणं सोडलं. परीक्षेचे पेपर तपासायचे आहेत, असं तिनं एकदा कळवलं होतं. पेपर तर आठवड्यातच तपासून झाले होते.

मध्यंतराच्या जरा आधी पूवी उजवीकडून दोघांना चुकवून आत शिरली आणि तिचा फटका खांबाला लागून परत आला. पूर्वेकडचे सगळे उभे राहिले. तीन मिनिटांनी ती पुन्हा तशीच आत आली. या वेळी उत्तय्यानं पॅड आडवं टाकून कसाबसा चेंडू अडवला. उत्तय्या चेरुवटीरांचा गोलरक्षक आणि तंगम्माचा नवरा.

"एक गेला की धरणच फुटणार," चिण्णप्पा म्हणाला. "लिहून घ्या."

मध्यंतरात ती संत्री आणि पाणी घेऊन खाली गेली. उत्तय्या हेल्मेट काढून गवतावर बसला होता, केस घामानं चिकटलेले.

"तुझ्या माहेरची ती पोरगी आज माझा जीव घेणार," तो म्हणाला.

तंगम्मा संत्रं सोलत होती. तिनं एक फोड त्याच्या हातावर ठेवली.

"डावा खांदा बघा तिचा," ती म्हणाली. "तो खाली गेला की ती उजवीकडे वळते. दर वेळी."

उत्तय्यानं तिच्याकडे पाहिलं. "तुला काय माहीत?"

"अप्पांनी सांगितलं होतं."

तो उठला आणि पेम्मय्याला हाक मारून त्याच्या कानाशी लागला. तंगम्मा पायऱ्या चढून वर आली. सालं अजून तिच्या मुठीतच होती.

उत्तरार्धात पूवी पहिल्यांदा आत आली, खांदा पडला, आणि पेम्मय्या उजवीकडे आधीच उभा होता. चेंडू त्यानं अलगद काढून घेतला. दुसऱ्यांदाही तेच. दुसऱ्यांदा तर तो चेंडू थेट पलीकडे गेला आणि तिसरा गोल झाला. तीन-शून्य. मंदण्णा मावांनी गुडघ्यावर थाप मारली. मैदानाच्या मधोमध पूवी कमरेवर हात ठेवून पेम्मय्याकडे बघत उभी होती, आणि तंगम्माला आत खोलवर गार, गोड असं काहीतरी वाटलं. तीन महिन्यांत इतकं बरं तिला कशानं वाटलं नव्हतं.

"पोरगी संपली," मावा म्हणाले.

"विचार करतेय ती," चिण्णप्पा म्हणाला.

बारा मिनिटं राहिली होती. पूवीला चेंडू मिळाला. तिनं तो स्टिकवर थांबवला, मान वर केली, धावत आत आली. डावा खांदा पडला. पेम्मय्या उजवीकडे झेपावला, आणि ती डावीकडून गेली. उत्तय्याही उजवीकडेच झुकलेला होता. उलट्या स्टिकनं मारलेला तो चेंडू त्याच्या दुसऱ्या बाजूनं गेला तेव्हा त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तीन-एक.

तंगम्मा जागच्या जागी आखडली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर सगळंच उलगडत गेलं. पेम्मय्या आता खांदा बघून गोंधळायचा, न बघताही गोंधळायचा. पूवीनं एकदा खांदा पाडला आणि कुठेच वळली नाही, चेंडू मागे कुट्टप्पाअण्णाला दिला. पन्नाशीच्या अण्णानं पोट सांभाळत तो जाळ्यात घातला. तीन-दोन. पेनल्टी कॉर्नरवर तीन-तीन. पूर्वेकडे कुणीच बसलेलं नव्हतं. शेवटच्या मिनिटाला पूवी पुन्हा खांदा पाडून आली, दोन बचावपटू दोन दिशांना गेले, आणि ती मधून सरळ चालत गेल्यासारखी गेली.

शिट्टी वाजली. चार-तीन.

"म्हाताऱ्यानं वरून मारला तो," चिण्णप्पा म्हणाला, आणि डोळे पुसण्यासाठी त्यानं टोपी काढली.

मंदण्णा मावा मात्र तंगम्माकडे बघत होते. खालून उत्तय्या वर येत होता, त्याच्या मागे पेम्मय्या.

"काकी," पेम्मय्या म्हणाला, "छान फसवलंत."

"काय झालं?" मावांनी विचारलं.

"काकींनी सांगितलं, खांदा पडला की उजवीकडे. दोनदा खरं ठरवलं, तिसऱ्यांदा कापलं आम्हाला. आधीच ठरलेलं होतं यांचं."

मावांचं सगळं अंग हसण्यानं हलायला लागलं. "सव्वीस वर्षं आमच्या घरचं खातेय, आणि खबर दिली ती अशी? शाबास, सूनबाई. सैन्यात असतीस तर तुला मी पदक दिलं असतं."

गोष्ट मैदान ओलांडून पलीकडे जायला पाच मिनिटंही लागली नाहीत. कुट्टप्पाअण्णा दहा-बारा जणांना घेऊन आला. बायकांनी तिला कवटाळलं. कुणीतरी म्हणालं, पश्चिमेला जाऊन बसलीस तेव्हा आम्ही काय काय बोललो गं तुला, पोटात घाल. कुट्टप्पाअण्णानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेळ्ळियप्पाची मुलगी," तो सगळ्यांना म्हणाला. "डोकं कुणाचं आहे, सांगायला नको."

हे शब्द ऐकायला तिनं किती वर्षं वाट पाहिली होती, ते तिचं तिलाच माहीत. आता ते आले होते, तेही तिनं न केलेल्या गोष्टीसाठी.

"मग खळ्याचं?" अण्णानं विचारलं. "आता तरी सांग."

"पूवी कुठे आहे?"

पूवी पाण्याच्या टाकीपाशी तोंड धूत होती. जवळून ती फारच लहान दिसत होती. कोपराला खरचटलं होतं, दातांना तार होती.

"अक्का," ती म्हणाली. मग बाकीचे ऐकत नाहीत ना, हे तिनं मान वर करून बघून घेतलं. "ते म्हणतायत तसं काही ठरलेलं नव्हतं."

"नव्हतं."

"पेम्मय्या तिथे आधीच उभा होता, तेव्हाच मला कळलं. बेळ्ळियप्पा अज्जा म्हणायचे, हा खांदा फक्त तुला, मला आणि तंगम्माला माहीत आहे." तिनं टाकीचा नळ बंद केला. "मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार नाही."

"डावीकडे वळायला कधी शिकवलं त्यांनी?"

"डिसेंबरात. दोष जात नाही तर त्याला कामाला लाव, म्हणाले. तुम्हाला सांगायचं होतं त्यांना ते."

तंगम्मानं टाकीच्या कठड्यावर हात टेकला. सिमेंट तापलेलं होतं.

"तुम्ही का सांगितलंत त्यांना?" पूवीनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे उत्तर देणं जास्त जड गेलं.

"तुला त्यांचं खूप मिळालं म्हणून."

पूवीनं खाली पाहिलं. बुटाच्या टोकानं ती ओली माती उकरत राहिली.

"रविवारी पाचला ते सराव थांबवायचे," ती म्हणाली. "मॅच रंगात आली असली तरी. तंगम्माला फोन करायचाय, म्हणायचे, आणि आत जायचे. तासभर यायचे नाहीत. आम्ही सगळे वैतागायचो. मी तर फार." ती थांबली. "डिसेंबरात ते लगेच बाहेर यायला लागले. फोन लागत नाही म्हणायचे. मला बरं वाटायचं, अक्का. मी मनात म्हणायचे, आजही नको लागू दे."

मागे कुणीतरी ढोल आणला होता आणि तो नीट लागत नव्हता.

तंगम्माला त्या मुलीला थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि तिच्याशेजारी त्या ओल्या मातीत बसावंसंही वाटलं. दोन्हीतलं तिनं काही केलं नाही. पदरानं तिनं पूवीच्या कोपरावरची माती पुसली, जरा जोरातच. पूवीनं हात मागे घेतला नाही.

"उद्यापासून या," ती म्हणाली. "कुलूप काढते."

"तुम्ही असाल?"

"नाही. एवढ्यात मला ते बघवणार नाही."

"बरं," पूवी म्हणाली.

कुट्टप्पाअण्णा तिकडून मोठ्यानं विचारत होता, काय ठरलं. तंगम्मा परत गेली. माहेरचे आणि सासरचे आता एकाच गर्दीत मिसळले होते, आणि पेम्मय्या आपण कसे फसलो ते तिसऱ्यांदा सांगत होता.

"खळं उघडं राहील," ती म्हणाली. "आणि अण्णा, मी कुणाला फसवलं नाही. मला माहीत होतं ते खरंच सांगितलं होतं मी. तुम्ही हरावं म्हणून."

कुट्टप्पाअण्णा खो खो हसला, त्याच्यामागे मावा, मग सगळेच. "ऐकलंत?" अण्णा म्हणाला. "अजून कबूल करत नाही."

उत्तय्या खालच्या पायरीवर बसून पॅडचे पट्टे सोडत होता. त्याचे हात थांबले. तो हसला नाही. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि बसायला शेजारी जागा केली.